चौथा उद्गार

सोलापुरात आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथा, 'माझ्या देवा, मला का सोडलंस?' हा दरवर्षी माझ्याकडे. मी तो चटकन उरकते, कारण सातव्यात येशू पित्याच्या हाती आत्मा सोपवतो आणि सगळे शांत मनानं घरी जातात.

यंदा तयारीसाठी बायबलमधली येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं शेजारी-शेजारी उघडली आणि मी हादरलेच. मार्कच्या शुभवर्तमानात बाकीचे सहा उद्गार नाहीतच! एवढा एकच प्रश्न, मग मोठी आरोळी, आणि प्राण गेला. उत्तर कुणी दिलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात लेक वारलेल्या शेजारणीनं मला हाच प्रश्न विचारला होता. आणि मी मेलीनं तिला तिथल्या तिथं सातवा ऐकवला.