डाव्या कानाच्या दोन खाचा

ती घटना विसरता येत नाही, कारण तिची सुरुवातच माझ्या चुकीने झाली. घोडनदीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार असताना मी एका माणसाची चार ओळींची फिर्याद लिहून घेतली नाही.

शिरूरच्या बाजाराचा दिवस होता. जवळच्या वाडीवरचे एक धनगर आबा सकाळपासून बाकावर बसून होते. मेंढरं विकून त्यांनी शेती धरली होती. कळपातला कुत्रा तेवढा ठेवला होता, तोच चोरीला गेला होता.

“नाव?” ठाणे अंमलदाराने विचारलं.

“भाद्या.”

“तुमचं हो, आबा!”

सगळे हसले. मीही हसलो.

“साहेब, डाव्या कानाला दोन खाचा हायेत. आमच्या घरची खूण. मेंढरावानी त्यालाबी घातलीया. येवढं तरी लिवा.”

“कुत्रंच ते, आबा. येईल फिरून,” म्हणत मी त्यांना वाटेला लावलं.

महिन्याभराने खबऱ्याकडून कळलं, की दौंडकडून एक टेम्पो ताडपत्रीखाली कुत्री आणतो. नाकाबंदीत तो सापडला. चालकाने पैदास केंद्राचा दाखला पुढे केला. प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम तेव्हा नवे होते. प्रयोगशाळेने नोंदणी झालेल्या केंद्रातूनच प्राणी घ्यायचे, असं बंधन होतं.

मी चालकावर हात उचलला नाही. एकेका पिंजऱ्यापुढे उभं करून विचारत गेलो, “केंद्रात जन्मला ना? मग हा कोणत्या कुत्रीचा? आणि हा?” चौथ्या पिंजऱ्याशी तो खालीच बसला.

“वस्त्यांवरनं उचलल्यात, साहेब. दाखला खोटा हाय.”

तो जिथे माल देत असे, त्या आमच्याच हद्दीतल्या औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी न मागता रजिस्टर पुढे ठेवलं. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नर, डावा कान, दोन खाचा.

“खूण बघून मला शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “तुमच्या ठाण्यात फोन केला. असा कुत्रा हरवल्याची तक्रार आहे का, विचारलं. नोंद नाही, म्हणाले. मग मी दाखला खरा धरला.”

“आता कुठे आहे तो?”

“मागच्या आठवड्यात प्रयोग संपला.” त्यांनी रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं: मृत.

चोरीचा आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा दाखल झाला. प्रयोगशाळेबद्दलचा अहवाल वर गेला. आबांना मात्र मी एवढंच कळवलं, की कुत्रा मिळाला नाही.

कायदा मुंबई-दिल्लीत होतो, पण तो चालतो ठाण्यातल्या वहीवर, हे मला त्या दिवशी कळलं. आजही वाटतं, ती बाजाराची सकाळ एकदा परत मिळावी आणि आबांसमोर वही उघडून बसावं.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांच्या वाडीवर गेलो. आबा फार थकले होते. त्यांनी मला ओळखलं, चहा सांगितला.

“बांधाला कायबी हाललं की वाटतं, आला,” ते म्हणाले. “कुत्री चोरनारा टेम्पो दौंडाकडचा व्हता म्हनं. तकडं नेला आसंल तर लांब न्हाई, साहेब. वाट घावंल त्याला.”

मी कप खाली ठेवला.

“आबा, तो येणार नाही. औषधाच्या प्रयोगात मेला. तुम्ही आलात तेव्हा मी हसलो, लिहून घेतलं नाही. घेतलं असतं तर वाचला असता. नंतर तुम्हाला खरंही सांगितलं नाही. माझं चुकलं, आबा. मला माफ करा.”