आरशातली मालिका

हिंदी सिनेमातल्या शेतकऱ्याने कापूस वेचलेला मी कधी पाहिला नाही. तो नांगर धरतो, आभाळाकडे बघतो, गाणं म्हणतो, आणि त्याच्या मागे कायम मोहरीचं शेत डुलत असतं. आमच्या शिंदखेड्यात मोहरी भेटायची ती फोडणीत. शिवाय त्याचं धोतर इतकं पांढरंशुभ्र असायचं की माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, पहिली शंका तिथेच यायची.

"हाऊ शेतकरी नही शे," ते आपल्या अहिराणीत म्हणायचे. "हाऊ तलाठी शे."

आबांची आणि माझी मतं एवढ्या एका बाबतीत जुळायची. बाकी मला सिनेमातलं काहीच पटत नसे आणि तरी एकही सिनेमा मी सोडत नसे. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, एसटीने दोंडाईच्याला कॉलेजला जायचे आणि जगात आपल्याला सगळ्यात जास्त कळतं याबद्दल माझी खात्री होती. चाळिशीतला नायक हातात एकच वही घेऊन कॉलेजात शिरला की माझा तोल जायचा. झोपेतून उठणारी नायिका कानातल्या झुमक्यांसकट उठायची. आई खोकली की ती मेलीच म्हणून समजा, साधा खोकला त्या मुलखात कुणाला होतच नसे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला आणि माझ्या मतांना श्रोते मिळाले. त्याला कारण आमच्या घरची रीत. सुनांनी सासऱ्यासमोर बसायचं नाही. पदर कपाळाखाली ओढून चहा ठेवायचा आणि मागे फिरायचं. बोलायचंही नाही, काही विचारायचं असलं तर माझ्यामार्फत. टीव्ही होता पुढच्या खोलीत, मधल्या खोलीच्या दाराला लागून असलेल्या भिंतीशी. समोर आबांची खुर्ची. आबा त्या खुर्चीत असेपर्यंत माझी आई आणि धाकटी काकू दाराच्या आत, भाजी निवडत. त्यांना आवाज यायचा, चित्र दिसायचं नाही. बाबा आणि काका बहुतेक शेतावर असायचे, आणि नसते तरी त्यांनी यात काही केलं असतं असं मला वाटत नाही.

मी मात्र घरची लेक, मला सगळीकडे मुभा. मी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसायचे. मान बाहेर काढून टीव्ही बघायचा आणि मान आत घेऊन दोघींना सांगायचं.

"उंबरावर नको बठू वं," आबा दर वेळी म्हणायचे. "लक्ष्मीनी वाट शे ती."

मी उठायचे, आबांची पाठ वळली की पुन्हा बसायचे. मी वाट अडवून बसले नसते तर लक्ष्मी आली असती असं काही आमच्या घराकडे बघून वाटत नव्हतं.

सांगता सांगता मी खोटं कधी बोलायला लागले ते मला आठवत नाही. बहुतेक त्या दिवशी, जेव्हा एका नायिकेने स्वतःला लाथाडणाऱ्या नवऱ्याचे पाय डोळ्यांतल्या पाण्याने धुतले. माझ्याने ते आत सांगवेना. मी सांगितलं की तिने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि तो आता गाल चोळतोय. आत दोघी खदखदून हसल्या. बाहेर पडद्यावर रडारड चालली होती आणि आबा खुर्चीत वळून माझ्याकडे बघत होते, आत काय चाललंय म्हणून.

"मझार काय हासी ऱ्हायनात त्या?"

आईला मी काहीही सांगितलेलं चालायचं. काकूला फसवणं अवघड होतं. ती अमळनेरची. तिच्या वडिलांना सिनेमाचं वेड, लग्नापर्यंत लेकीला बरोबर घेऊन त्यांनी एक नवा सिनेमा चुकवला नव्हता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत तिने एकही चित्र बघितलं नव्हतं. पण कान तयार होते. बासरी वाजली की एकतर आई येणार नाहीतर गाय. वीज कडाडली की बाप मुलीला घराबाहेर काढणार. संगीत एकदम थांबलं की कुणीतरी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं आहे. मेथी निवडता निवडता ती म्हणायची, "आते पडी," आणि बाहेर कुणीतरी धाडधाड खाली यायचं.

"व्हायोलिन वाजी ऱ्हायनं," ती माझ्याकडे बघायची, "नि तू म्हणस ती हासस?"

मी म्हणायचे, वेडी झालीय म्हणून हसतेय. काकू मान हलवायची आणि काड्या बाजूला करायची. माझ्या वयाच्या पोरींमध्ये मी फार हुशार समजले जायचे, पण तिच्यापुढे मला नेहमी पकडल्यासारखं व्हायचं.

मग दर रविवारी सकाळी ती मालिका सुरू झाली. मोठ्या घराण्याची. माझ्या मते ती मालिका नसून सोफ्याची जाहिरात होती. माणसं आत यायची, सोफ्यावर बसायची, एकमेकांची मनं मोडायची आणि उठून जायची. घरातला कर्ता दिवसभर झगा घालून पाइप ओढायचा आणि त्याचा धंदा काय हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. जेवायला बसले तर चमच्याने भाताशी नुसतं खेळायचे. आमच्याकडे कुणी असं जेवलं असतं तर आईने कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

काकू आधी साड्यांचं विचारायची. तिसऱ्या की चौथ्या भागाला तिने दुसरंच विचारलं.

"ती सून कोठे बठेल शे?"

"सोफावर."

"सासरासमोर?"

"शेजारी," मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

"पदर?"

"खांद्यावर."

काकूचा हात ताटात थांबला. त्या दिवशी तिने पुढे काही ओळखलं नाही की मला खोट्यात पकडलं नाही. पुढच्या रविवारपासून पहिला प्रश्न हाच, आज ती कुठे बसलीय. मालिकेतल्या सासऱ्याचं आणि सुनेचं वाजलं होतं. तिला नोकरी करायची होती, त्याला ते नको होतं. काकूला ती भांडण कसं करते ते बघायचं होतं. "आवाज तं येस," ती एकदा मला म्हणाली, "पन ती त्याना डोळामा देखीसन बोलस का?" डोळ्यांत बघून बोलते का? हे उंबऱ्यावरून सांगता येण्यासारखं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि राग आला, आणि मला राग आला की मी काहीतरी करून बसते.

काकूच्या रुखवतात एक मोठा आरसा आला होता. जागा नाही म्हणून सात वर्षं तो चादरीत गुंडाळून ट्रंकेवर पडला होता. आबांना दाढीला उजेडात आरसा हवा, असं कारण काढून मी तो पुढच्या खोलीत टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर लावला. खालच्या कडेला दोन पुठ्ठ्याचे तुकडे खोचून किंचित कलता केला. आबा बसायचे टीव्हीकडे तोंड करून, आरसा त्यांच्या पाठीमागे. मधल्या खोलीतून दारातून समोर बघितलं की आरशात अख्खा टीव्ही.

पहिल्या दिवशी काकूचे डोळे आरशावरून हलले नाहीत. मेथी तशीच राहिली. मला सांगायला काही उरलं नाही आणि मी चक्क रुसले.

आईची गंमत वेगळी. आरशात सगळं उलटं. मालिकेतला प्रत्येक माणूस डाव्या हाताने लिहायचा, डाव्या हाताने आशीर्वाद द्यायचा, डाव्या हाताने जेवायचा. आईने दोन रविवार नीट बघून घेतलं. मग शेजारणीला सांगताना मी ऐकलं, मुंबईचे मोठे लोक डाव्या हाताने जेवतात, पैसा आला की माणसाला काही सोवळंओवळं राहत नाही. मी तिला खरं सांगितलं नाही. इतकं सुंदर मत मोडायची माझी छाती झाली नाही.

महिनाभर बरं चाललं. मालिका संपायला एक भाग उरला होता. त्याच्या आधीच्या रविवारी सून सासऱ्यासमोर उभी राहिली, बोलायला तोंड उघडलं, आणि आमच्या गल्लीची वीज गेली.

"मेला!" आतून काकू मोठ्याने ओरडली. वीज मंडळाला, सासऱ्याला की दोघांना, देव जाणे.

सुनांच्या खोलीत बघायचं नाही म्हणून आबांनी चमकून मान मागे फिरवली. मागे आरसा होता. आरशात आता टीव्ही नव्हता. दारातून पडलेल्या उजेडात त्यांच्या दोन सुना होत्या. आईचा हात तोंडावर. काकूचा पदर खांद्यावर, मूठ वर उगारलेली, डोळे मोठे. मुलगी बघायला अमळनेरला गेले तेव्हा तिचा चेहरा त्यांनी पाहिला असेल तेवढाच. आणि आरशाचं असं आहे, की ते तिच्याकडे बघत होते तेव्हा ती त्यांच्याकडे बघत होती. पदर ओढायचं तिला सुचलंच नाही.

आबा खाकरले. टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. वीज आली तरी परतले नाहीत.

आईने त्याच दुपारी आरसा उतरवला, चादरीत गुंडाळला आणि ट्रंकेवर ठेवला. आठवडाभर आबा कुणाशी काही बोलले नाहीत, आणि आमच्या घरात न बोलणं हीच मोठी शिक्षा होती. आबा टीव्ही विकून टाकतील, असं आईला वाटत होतं. काकू म्हणाली, "माले माहेरले धाडतीन." ती हसत म्हणाली, पण त्या दिवशी तिच्या दोन भाकरी तव्यावर करपल्या. आरसा मी लावला होता आणि बोल तिला लागणार होता. मी आबांना जाऊन सांगायचं ठरवलं. रोज ठरवलं, रोज भ्याले. सिनेमातल्या भित्र्या माणसांना मी किती नावं ठेवली होती, ते त्या आठवड्यात एकेक करून आठवलं.

रविवार आला. मालिकेची वेळ झाली. आबा उठले, टोपी घातली, आपली खुर्ची स्वतः उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली.

"बठ्ठं भंगार शे ते," सगळंच भंगारात काढत, रस्त्याकडे तोंड करून ते म्हणाले. "डोकं दुखस मनं."

मग मागे न बघता म्हणाले, "लावी दे वं पोरी. आवाज मोठा ठेव."

मी टीव्ही लावला. पुढची खोली रिकामी. काकू मधल्या दारात उभी राहिली. आईने तिला मागून हलकेच ढकललं असावं, पण ते मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही. काकू उंबरा ओलांडून आली आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसली. वीत पसरून तिने टीव्हीचा पडदा मोजला.

"येवढंसंच शे व्हय?" ती हळूच म्हणाली.

शेवटचा भाग इतका वाईट होता की आजही मला चीड येते. एवढी भांडलेली सून सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागत होती. बासरी, सतार, सगळं एकदम. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"काय व्हयनं वं?"

मी बाहेरच्या दारात गेले. सवयीने म्हणाले, "आबा, सून सासराले चांगलं सुनाई ऱ्हायनी. तो मान खाली घालीसन उभा शे."

 आणि माझ्या मागून, त्या खोलीत मी कधी ऐकला नव्हता असा आवाज आला. पदर कपाळापर्यंत होता, पण आवाज मोकळा होता.

"खोटं सांगस ती, आबा. पाय पडी ऱ्हायनी ती त्याना. पयलेपाइन बठ्ठं खोटंच सांगस हाई पोर. तुम्ही मझार या नि देखा."

सात वर्षांत काकू पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली, ते माझी चहाडी करायला. मला रागही आला नाही. आई मधल्या दारात येऊन उभी होती.

आबा सावकाश उठले. दारापर्यंत आले. आत जागा होती, पण ते पुढे आले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून तिथेच खाली बसले, बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यावर, आणि मान आत घालून बघायला लागले. तोवर मालिका संपली होती आणि साबणाची जाहिरात लागली होती. ती आम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितली. कुणी उठलं नाही. ती लक्ष्मीची वाट आहे, याची आठवण आबांना मीही करून दिली नाही.