चार पिल्लं आणि एक शेपटी

घरात स्पॅनियल जातीची कुत्री असली की तिचे केस कुठे सापडतील ते सांगता येत नाही. रूबीचे केस मला तांदळाच्या डब्यात सापडलेत, ह्यांच्या फॅक्टरीच्या पासात सापडलेत, एकदा तर सत्यनारायणाच्या चौरंगाखाली सापडले. तिच्या किश्श्यांचंही तसंच आहे. सगळे झाडून काढले म्हणावं तर कपाटामागे आणखी चार निघतात. म्हणून म्हटलं, आज एकदाच काय ते सुपात भरावं.

*

आम्ही तेव्हा मरोळला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, वन रूम किचन. पिंकी दीड वर्षाची होती आणि मी चोवीस तास घाबरलेली. चमचा दोनदा उकळायचे. पिंकी जरा शांत पडली की नाकाखाली बोट धरून बघायचे, श्वास चाललाय ना. त्यामुळे ती जागी व्हायची. दुपारची झोप आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हती.

एका रविवारी हे अंधेरीच्या एका पारशी बाईंचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेले आणि येताना सोनेरी कुत्री घेऊन आले. या फ्रेनीबाईंनी जन्मभर स्पॅनियल पाळले, कुत्र्यांच्या शोमध्ये उतरवले. आता गुडघे दुखतात, पाच कुत्री झेपत नाहीत. अशा लोकांत एक पद्धत असते. कुत्री दुसऱ्याला सांभाळायला द्यायची, मालकीचे कागद स्वतःकडे ठेवायचे. आमची बोली अशी ठरली : वर्षभरात रूबीने शोमध्ये एक तरी बक्षिसाचं कार्ड मिळवायचं आणि एकदा पिल्लं द्यायची. त्यातलं पहिलं पिल्लू बाई निवडणार. एवढं झालं की कागदावर आमचं नाव. नाही झालं तर रूबी परत.

मी म्हटलं, "वर्ष कशाला थांबायचं? आजच परत द्या. घरात लहान मूल आहे."

हे चपला शोधत होते तेवढ्यात पिंकीने रूबीचा तो लांबलचक कान मुठीत धरला, गालाखाली घेतला आणि झोपली. अडीच तास. मी नाकाखाली बोट धरलं तरी उठली नाही.

ह्यांनी विचारलं, "काय, देऊन येऊ परत?"

मी म्हटलं, "हळू बोला."

शेजारच्या परबकाकू बघायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "गो सुनंदा, ह्या कुत्र्याक कान असत की पदर?"

*

माझं शिक्षण सातवीपर्यंत. फ्रेनीबाईंनी जे शिकवलं ते मी शाळेतल्यापेक्षा मन लावून शिकले. शोमध्ये जज्ज तोंड उघडून दात बघतो, म्हणून त्यांनी मला रूबीचे दात मोजून दाखवले होते.

पुढे एकदा रूबी जेवेना. गुरांचा डॉक्टर लांब, आणि पिंकीला तर त्याच दिवशी डोस द्यायला न्यायचं होतं. पिंकीचे डॉक्टर तिरसट. कुत्रीचं नाव काढलं तर हाकलून देतील. म्हणून डोस झाल्यावर मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, घरात आणखी एक आहे. दोन दिवस खात नाही."

"वय?"

"दीड वर्षं."

"हिच्याबरोबरची? जुळी का?"

मी पिंकीचं झबलं नीट करायला लागले.

"दात येत असतील. किती आलेत?"

"सगळे आलेत."

"दीड वर्षाची, आणि सगळे? म्हणजे किती?"

"बेचाळीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तिला इथे आणू नका."

*

पहिला शो मुलुंडच्या मैदानावर होता. केस चमकले पाहिजेत, असं फ्रेनीबाईंनी बजावलं होतं. चमकण्याची आमच्याकडे एकच रीत. सकाळी रूबीला रिठ्याने न्हाऊ घातलं, पुसलं आणि वाटीभर खोबरेल कोमट करून डोक्यापासून पायापर्यंत चोळलं. आमच्या आईने आमचं जे केलं तेच. आरशासारखी चमकायला लागली. हे म्हणालेसुद्धा, "आज कार्ड नक्की."

मैदानावर पोचल्यावर ती मातीत बसली. उठली तेव्हा सोनेरी कुत्री विटकरी झाली होती. मी पुसायला गेले तर माती आणखीच आत गेली.

जज्ज सूट घातलेले, वयस्क. त्यांनी रूबीच्या पाठीवरून हात फिरवला, मग स्वतःचा तळवा बघितला, मग वास घेतला. फ्रेनीबाईंना इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मी विचारलं, "काय म्हणतात?"

फ्रेनीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बोलते, कुतरी एकदम फर्स्ट क्लास हाय. पण हिला दाखवायला आणली की तळायला?"

घरी परबकाकूंनी विचारलं, "नंबर कितवा गो?"

"पहिल्या तिघांनाच देतात, काकू."

"होती किती?"

"चार."

*

दुसऱ्या शोसाठी मी गच्चीवर हँडलरचा, म्हणजे कुत्री धरून फिरवणाऱ्याचा, सराव केला. एका हाताने कुत्रीची हनुवटी उचलायची, दुसऱ्या हाताने शेपटीचा तो बोटभर तुकडा सरळ धरायचा, मग दोरी धरून गोल धावायचं. साडी खोचून मी पापडांच्या बाजूने वीस वीस फेऱ्या मारायचे. परबकाकू पापड राखत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "शिकता कोण? तू की ता?"

रूबी खरंच छान चालायला लागली. शोच्या दिवशी तेल नाही, माती नाही. जज्ज बाई आमच्याकडे बघून हसल्यासुद्धा. मोसमातला शेवटचा शो होता, कार्ड मिळालं तर आज, नाही तर नाहीच. चौथी फेरी चालू असताना रिंगणाच्या दोरीबाहेर ह्यांच्या कडेवर पिंकीला झोप आली. तिने हात पुढे केला, कान सापडेना, आणि तिने भोकाड पसरलं.

रूबी जागच्या जागी वळली आणि दोरीखालून निघून गेली. मी हातातली दोरी सोडायला हवी होती. पण कुत्री हरवली तर, या धाकाने मी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन बांधली होती. मीही दोरीखालून गेले. पालथी.

हे मला उठवायच्या आधी पिंकीला कान देत होते. परत येताना बसमध्ये म्हणाले, "रूबी झकास चालली. हँडलर सुटली."

त्या दिवशी मी हसले नाही. कार्ड गेलं होतं. पिल्लं झाली तरी बोली अर्धीच पुरी होणार होती.

*

रूबीच्या लग्नाचा किस्सा मधेच राहिला. यात कुत्रीने कुत्र्याच्या घरी जायचं असतं. फ्रेनीबाईंनी कांदिवलीचं स्थळ काढलं होतं. मालक बँकेतून निवृत्त, एकटेच. मुलीकडचे आपण, रिकाम्या हाताने कसं जायचं? मी जरीची साडी नेसले, नारळ घेतला, अर्धा किलो पेढे घेतले. रूबीला काजळाची तीटसुद्धा लावली.

त्या गृहस्थांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन शर्ट घालून आले.

मी विचारलं, "स्वभाव कसा आहे?"

"कुणाचा?"

"मुलाचा."

"चप्पल खातो," ते म्हणाले. "बाकी निर्व्यसनी आहे."

तीन दिवस रूबी तिथे राहणार होती. निघताना तिने दारातून मान वळवून बघितलं आणि मी जिन्यात रडायला लागले. हे म्हणाले, "अगं, शुक्रवारी आणायचीय." ते गृहस्थ घाबरून वरून म्हणाले, "वहिनी, मी तिला काही काम लावणार नाही."

त्या तीन दिवसांत पिंकी दुपारची झोपली नाही. मी तिच्या मुठीत मखमली ब्लाऊजची बाही दिली, लोकरीचा मोजा दिला. तिने एकेक बघितला आणि फेकला.

*

रूबीला पाच पिल्लं झाली. आता स्पॅनियलची आणखी एक रीत. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लांच्या शेपट्या कापतात. अख्ख्या शेपटीचं पिल्लू शोमध्ये कोणी उभं करत नाही. रूबीचीही तशीच कापलेली होती, पण ती मी तशीच पाहिली होती, त्यामुळे जन्मतःच आखूड असते असं धरून चालले होते.

फ्रेनीबाईंनी गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर पाठवला. मी मनाशी ठरवलं होतं, पाचही लपवायची आणि सांगायचं, कुठे तरी पाठवलीत. पण बेल वाजली. हाताला आलं ते एक पिल्लू उचलून पिंकीच्या पाळण्यात टाकलं, वर दुपटं ओढलं. माझं धैर्य एका पिल्लापुरतंच होतं.

"किती आहेत?" कंपाउंडरने विचारलं.

"चार."

त्याने वहीत चार लिहिलं. काम चालू असताना मी स्वयंपाकघरात कानात बोटं घालून उभी होते. पिंकी खाटेवर बसून बघत होती, अजिबात रडली नाही. आई मात्र कुकरच्या आड.

त्याने जाऊन फ्रेनीबाईंना चारच सांगितलं. नंतर त्यांनी वाण्याच्या फोनवर मला विचारलं, मीही चारच सांगितलं. पुढे आठ आठवडे सांगत राहिले. पण पिल्लू वाढत होतं, त्याच्याबरोबर शेपटीही. शेवटी ती इतकी झाली की पिल्लू आनंदात असलं की मागचा अर्धा भाग त्याच्या ताब्यात राहायचा नाही. हे एकदा बराच वेळ ते बघत बसले आणि म्हणाले, "सुनंदा, लोक खोटं बोलतात. पण हलणारं खोटं मी पहिल्यांदाच बघतोय."

*

आठ आठवडे झाले तसं वर्षही संपलं. फ्रेनीबाई दुपारी आल्या. हातात वेताची टोपली, पर्समध्ये रूबीचे कागद, आणि नवीन पट्टा. तो पट्टा कशासाठी ते मला विचारावं लागलं नाही.

खाली चटईवर पिंकी झोपली होती, रूबीचा कान मुठीत. पाचवं पिल्लू पाळण्यात, दुपट्याखाली.

बाईंनी चार पिल्लं टेबलावर एकेक उभी केली. दात बघितले, डोळे बघितले. मग म्हणाल्या, "कारड तर नाय आला, डिकरी."

"नाही आलं, बाई."

"बोली ती बोली."

"हो."

तेवढ्यात पाळण्याच्या लोखंडी दांडीवर टक टक टक आवाज यायला लागला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्या गुडघा धरत उठल्या आणि त्यांनी दुपटं वर केलं.

खालून अख्खी शेपटी निघाली. टक टक चालूच.

"हे कोणी केला?"

"कोणी काही केलं नाही, बाई," मी म्हटलं. "म्हणूनच ते तसं आहे."

त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं. शेपटी त्यांच्या चष्म्याच्या डबीवर आपटत होती. त्यांनी डबी बाजूला केली नाही.

"शोमध्ये नाय चालणार."

"माहीत आहे."

"कोणी विकत नाय घेणार."

"माहीत आहे."

"पहेला चॉइस माझा."

"हो बाई. टेबलावर आहेत."

बाईंनी पिल्लू उचललं आणि टोपलीत ठेवलं. मी म्हटलं, "बाई, हे नाही, ते—" त्यांनी हात वर केला. 

मग त्या पट्टा घेऊन रूबीजवळ खाली बसल्या. पिंकीचं एक बोट हळूच सोडवलं. पिंकीने झोपेतच मूठ घट्ट केली. दुसरं बोट सोडवलं, पहिलं परत मिटलं. बाई तशाच चटईवर बसून राहिल्या. मी चहा केला, तो त्यांनी तिथेच प्यायला. घड्याळात चार वाजले, साडेचार वाजले. पिंकी उठली नाही. मीही तिच्या नाकाखाली बोट धरायला गेले नाही.

शेवटी बाईंनी पर्समधून कागद आणि पेन काढलं. "पूरं नाव सांग."

मी माझं नाव सांगायला लागले.

"तुझा नाय," त्या पिंकीकडे बोट करत म्हणाल्या. "हिचा."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला, टोपली उचलली आणि कठडा धरत खाली उतरल्या. टोपलीच्या वेतावरची टक टक तळमजल्यापर्यंत ऐकू येत होती. पट्टा आमच्याकडेच राहिला.

संध्याकाळी हे फॅक्टरीतून आले. आधी रूबीकडे बघितलं, मग कागदाकडे, मग खाटेखाली वाकून पिल्लं मोजली. परत मोजली.

"चारच?"

"मग," मी म्हटलं, "मी पहिल्यापासून काय सांगत होते?"