खाडीच्या तोंडापर्यंतची दौड

माझी पोस्टिंग बोईसरला झाली असं सांगितलं की लोक हसतात. मी राहणारी दांडीची, आणि लग्न झाल्यापासून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजाराला जातच होते. पण ऑर्डर ती ऑर्डर. ऐंशी सालाच्या आसपास आमच्या भागात बायकांचं खाकी पथक उभं राहिलं. त्यात मला घेतलं आणि बोईसर प्लाटूनला लावलं. माझं शिक्षण चौथी. बंदूक आम्हाला दिली नाही. लाठी, शिट्टी आणि खाकी साडी दिली. जत्रेचा बंदोबस्त, आग, पूर, वादळ ही आमची लढाई. ज्यांना ही शिपाईगिरी वाटत नाही त्यांनी इथेच थांबावं.

आम्हाला शिकवायला हवालदार कदम होते. पायदळातून निवृत्त, साताऱ्याकडचे. त्यांना सगळ्या उस्ताद म्हणत. परेड रविवारी आणि बुधवारी सकाळी. बाकीच्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं आपण धावायचं, असा हुकूम.

हा हुकूम आम्हाला कळलाच नाही. आमच्याकडे माणूस धावतो ते कुत्रं मागे लागलं तर, नाहीतर एसटी सुटत असली तर. मी विचारलं, "उस्ताद, धावून जायचं कुटं?"

"कुठं नाही. जायचं आणि परत यायचं."

"मग जायचंच कशाला?"

मागच्या रांगेत बायका फिदीफिदी हसल्या. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "पारूबाई, महिनाभर धावा. मग हाच प्रश्न परत विचारा."

महिन्यानं मी विचारला नाही. उत्तर मिळालं होतं असं नाही. दुसरेच प्रश्न पडायला लागले होते. पहिली दहा मिनिटं छाती फुटते आणि मग आपोआप मोकळी होते, ती का? सकाळी अंग नको म्हणतं आणि परत आल्यावर तेच अंग खूश असतं, मग खरं कोण बोलतं? मी हे उस्तादांना विचारत असे. ते म्हणत, "अंग रोज सकाळी वाद घालतं. त्याच्याशी बोलू नका. साडीचा काष्टा मारा आणि बाहेर पडा. वाद परत आल्यावर घाला."

तरी निम्म्या बायका गळल्या. कुणाचं पोर आजारी, कुणाची सासू. उस्तादांनी मग जोड्या लावल्या. एकटीला आळस करता येतो, दुसरी रस्त्यात उभी असली की येत नाही. माझी जोडी जयवंतीशी. जयी डोंगराकडची, वारली जमातीची. पावसाळ्यात घरची नाचणी आणि भात, बाकीचं वर्ष बोईसरला कारखान्यांच्या बांधकामावर. माझ्याहून लहान, बुटकी, बारीक, काळी, बोलायला कमी. आम्ही दोघी दोन टोकांनी निघायचो आणि मिठागरांच्या बांधावर भेटायचो. तिथून एकत्र धावायचो. मी गेले नाही तर ती तिथं उभी राहायची, उन्हं चढेपर्यंत. एकदा मी मुद्दाम गेले नाही. दुसऱ्या दिवशी ती परत तिथंच उभी होती. मी परत तसं केलं नाही.

जयी धावायची ते बघण्यासारखं होतं. पाय जमिनीला लागल्याचा आवाज नाही. मी मात्र धापा टाकायचे. एक दिवस ती थांबली आणि म्हणाली, "पारूबाय, तुजा हात वर कशाला?"

खरंच माझा उजवा हात कानाजवळ होता आणि मान ताठ. इतकी वर्षं पाटी धरून चालले, धावतानाही धरतच होते. आमच्या गावच्या सगळ्या बायका अशाच धावतात, हे मला तोवर दिसलं नव्हतं.

"पाटी नाय हाय तुज्या डोक्यावर. सोड हात," जयी म्हणाली.

हात सोडला तर तोल जातोय असं वाटायचं. पंधरा दिवस लागले.

उधाणाच्या दिवसांत मला धावायला जमत नसे. ओहोटी मोठी लागली की आम्ही बायका खाडीच्या चिखलात शिंपल्या काढायला उतरतो. गुडघाभर चिखल, एक पाय उपसावा तर दुसरा रुततो. दोन-तीन दिवस धावणं नाही, नुसतं हेच. मला वाटायचं आता परत पहिल्यापासून. पण बांधावर गेले की पाय हलके. हे मी उस्तादांना सांगितलं. त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, "रोज एकच काम केलं की अंग त्यात हुशारी करतं, चोरी शिकतं. मधे दुसरं काम द्यावं." पुढच्या रविवारी सगळी प्लाटून त्यांनी आमच्या चिखलात उतरवली. बोईसरच्या चाळीतल्या बायका नाकाला पदर लावून.

"ही परेड हाय का मच्छीबाजार?" एकीनं विचारलं.

"पीटी आहे," उस्ताद म्हणाले. "शिंपल्या घरी न्यायला परवानगी आहे."

मग कुणी कुरकुरलं नाही.

गावात मात्र माझी चेष्टा चालायची. माझा थोरला दीर दामू तांडेल, म्हणजे आमच्या बोटीचा मुख्य माणूस. तो धक्क्यावरून ओरडायचा, "पारू, आज कोन मागं लागलाय? वाघ की सावकार?" नवरा माझा त्याच बोटीवर. तो काही बोलायचा नाही. त्याला लाज वाटत असावी. वर्षभरात लोकांना सवय झाली. पारू धावते, त्यात बघायचं काय.

ही सवयच पुढे आडवी आली.

दिवाळी होऊन गेली होती. उस्ताद, जयी आणि मी बोईसरच्या रस्त्यावर एका नाक्यावर ड्युटीला होतो. तिथं पोलिसांचा वायरलेस होता. आभाळ कोरडं, ऊन कडक. दुपारी एकच्या सुमाराला सेट खरखरला.

"कंट्रोल टू नाका पोस्ट. ओव्हर."

"नाका पोस्ट. बोला. ओव्हर."

"किनाऱ्यावर वादळाचा इशारा. संध्याकाळच्या आत. कोणतीही बोट बाहेर जाऊ देऊ नका. गावांना कळवा. ओव्हर."

"इथं गाडी नाही. ओव्हर."

"गाडी पाठवतो. वेळ लागेल. आउट."

उस्ताद माझ्याकडे वळले. "भरती?"

"अर्धी झाली, उस्ताद. पाणी भरलं की बोटी सुटतील. गाडीची वाट नाय बगनार त्या."

दांडीला जायला रस्ता खाडीला वळसा घालून जातो. मिठागरांच्या बांधांवरून सरळ वाट आहे, पण ती पायाची. सायकलही चालत नाही. नाक्यावर एकच सायकल होती. उस्तादांनी ती स्वतः घेतली, पलीकडच्या गावासाठी.

"जोडी. दांडी. बांधावरून. संदेश तोंडी सांगायचा. शंका?"

"नाय, उस्ताद."

"सुरुवात सावकाश करा. शेवटी ताकद लागेल. दौड के चल."

माझा नवरा त्या भरतीला जाणार होता. हे उस्तादांना माहीत होतं, मलाही होतं. दोघांनी तो विषय काढला नाही.

आम्ही सावकाश निघालो. ते सगळ्यात कठीण होतं. पाय म्हणत होते पळ. जयी पुढे राहिली आणि मला पुढे जाऊ दिलं नाही. मिठाचा चकाकता उजेड डोळ्यांत येत होता. एका ठिकाणी बांध फुटलेला, तिथं गुडघाभर चिखल. तो पार केल्यावर जयीनं पहिल्यांदा मागे बघितलं. "आता," ती म्हणाली. मग आम्ही खऱ्या धावलो.

धक्क्यावर पोचलो तर धक्का रिकामा. बोटी खाडीत निघाल्या होत्या. खाडीतून बाहेर पडेपर्यंत इंजिन लावत नाहीत, बांबूनं ढकलत नेतात. एकामागे एक ओळ. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. सगळ्यांत पुढे पांडूची छोटी होडी. पांडू आणि त्याचा चुलतभाऊ लक्ष्मण. ती तोंडाशी पोचत आलेली. बाकीच्या बऱ्याच मागे, त्यांत दामूभावजींची पहिली.

जयीनं तोंडाशी हात धरले. "ओ दादा! थांबा! मागं फिरा!"

मी तिचा हात खाली ओढला. उशीर झाला होता. दर्यावर निघालेल्या माणसाला आमच्याकडे मागून हाक मारत नाहीत. मारलीच कुणी तर त्यानं वळायचं नाही. वळला की अपशकुन. उलट, हाक मोडून काढायला तो जोरानं पुढे जातो. मला दिसलं, पांडूचा खांदा हलला. मग त्याचा बांबू जास्त जोरात पाण्यात गेला.

"आयकलं त्यांनी," जयी म्हणाली. "वळत का नाय?"

"वळनार नाय. त्यांच्या म्होरं जाया पायजे."

काठाला तिवरांची दाटी आहे, तिथून बोटी दिसतही नाहीत. झाडीच्या मागून वाट खाडीच्या तोंडाशी निघते. तिथं वाळूची पट्टी आहे आणि बोटींना तिच्या अगदी कडेनं जावं लागतं. आम्ही त्या वाटेनं धावलो. त्या धावण्याचं मला काहीच आठवत नाही. एवढंच, की हात खाली होते.

पट्टीवर कमरेएवढं पाणी चढलं होतं. पांडूची होडी बाहेर गेली होती. शीड वर चढत होतं. मी पाण्यात उतरले आणि जाऊन पट्टीच्या टोकाला उभी राहिले. जयी माझ्यामागून आली. तिला पोहता येत नव्हतं. समुद्र तिनं काठावरून बघितलेला, पाऊल कधी घातलं नव्हतं. पाणी माझ्या कमरेला होतं ते तिच्या छातीला लागलं. तिनं लाठी वाळूत रोवली आणि दोन्ही हातांनी धरली.

दामूभावजींची बोट समोर आली.

"पारू, वाट सोड!"

"वादळ येतंय, भावजी. वायरलेसवर आलंय. परत फिरा."

"वर बग. हाय का कुटं ढग?"

"मी बगितलं. तरी फिरा."

"तुजा वायरलेस मासं धरतो का?" मागच्या बोटीवर कुणी हसलं. भावजी बाकीच्यांना ओरडून म्हणाला, "रोजचंच हाय हिचं. धावत धावत आज पान्यात आली." आणि त्यानं बांबू टेकला.

बोट माझ्या हाताच्या अंतरावर आली. मी तिचा काठ धरला. माणसांनी भरलेली बोट एका बाईनं धरून थांबत नाही. मी ओढली जायला लागले.

तेव्हा माझा नवरा बोलला. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"दादा, ती बग."

"कोन?"

"ती मागली. डोंगरातली बाय हाय ती. ती लोकं कदी पान्यात पाय घालत नाय. थरथरते बग कशी. आपला एक मानूस तिच्या वळखीचा नाय, मग ती कशाला उबी हाय?"

भावजीनं बघितलं. जयीचे दात वाजत होते. डोळे मिटलेले. लाठी सोडली नव्हती. लाट आली, तिच्या हनुवटीला लागून गेली. ती हलली नाही.

त्यानं बांबू पाण्यातून वर घेतला. मग शिवी दिली, कुणाला ते माहीत नाही, आणि म्हणाला, "फिरवा."

तांडेल फिरला की मागच्या बोटी फिरतात. सगळ्या फिरल्या. पांडूची होडी तोवर उन्हात बारीक दिसत होती. एका बोटीनं इंजिन लावून पांडूच्या मागे जायचं ठरवलं, पण त्यांचं इंजिन लागेपर्यंत दक्षिणेकडून एक काळी रेघ उठली. मग कुणी गेलं नाही. दिवेलागणीला वारा आला. कौलं उडाली, धक्क्याला बांधलेल्या दोन बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या. माणसं घरात होती.

पलीकडच्या गावच्या बोटी उस्तादांनी वेळेत अडवल्या होत्या. पांडूचा देह चार दिवसांनी शिरगावच्या किनाऱ्याला लागला. लक्ष्मणचा लागला नाही.

पुढच्या रविवारी परेडला उस्तादांनी हजेरी घेतली. शेवटी त्यांनी ती दोन नावं घेतली. आमच्यातली एक बाई हळूच म्हणाली, "ते आपल्यातले नव्हते, उस्ताद." उस्ताद म्हणाले, "आपण त्यांच्याकडे निघालो होतो ना? मग आपलेच. सावधान." आम्ही उभ्या राहिलो. जयी आली नव्हती.

ती बांधावरही येईना. मी तिच्या बांधकामावर गेले. विटा वाहत होती.

"मी हाक मारली म्हनून तो जोरात गेला," ती म्हणाली. "नायतर हळू जाता. आपुन म्होरं पोचलो असतो."

मला खोटं बोलता येत नाही आणि खरं काय ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला नाय ठावं." ती परत विटा उचलायला लागली. तिला धीर द्यायला हवा होता, असं दुसरी कुणी म्हणेल. माहीत नसलेल्या गोष्टीचा धीर मी देत नाही.

सुतक फिटल्यावर पांडूची बायको काशी पाटी घेऊन बाजाराला निघाली. मी तिच्याबरोबर होते. बांधकामाशी ती आपणहून थांबली. पाटी उतरवली आणि जयीला विचारलं, "हाक तूच मारलेली?"

"हां. मीच."

"काय म्हनालीस?"

"थांबा म्हनाले."

"त्याला आयकू गेली?"

"गेली. खांदा हलला त्याचा."

काशी पाटीवरच्या माश्या हाकलत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी घरून निघताना तो भाकर इसरलेला. मी बी हाक मारली, मागनं. चुकून गेली तोंडातून. तवा बी खांदाच हलला." तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. "बायकोला वळला नाय, भाकरीला वळला नाय. तुला कुटून वळेल? उचल जरा पाटी."

जयीनं विटांचे हात लुगड्याला पुसले आणि पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. काशी चालायला लागली. जयीनं तिला मागून हाक मारली नाही.

आमच्या पथकात नोकरीवर कुणी मेलं नाही. उस्ताद म्हातारे होऊन त्यांच्या गावी गेले आणि तिकडेच वारले. जयी तापानं गेली, डोंगरात, मला कळलं तेव्हा महिना झाला होता. पथकही पुढे बंद पडलं. कुणी मला विचारतं, तुमच्यातलं कोण कोण कामी आलं, तर मी या दोघांची नावं आधी घेत नाही. आधी पांडू. मग लक्ष्मण. आम्ही त्यांच्यासाठी धावलो आणि त्यांच्यापर्यंत पोचलो नाही.