काचेवरच्या कण्या

लॅबमधल्या ताईंनी काचपट्टीवर आईच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पिवळसर पाण्याचा, सीरमचा, थेंब घेतला, त्यात टायफॉइडचे मेलेले जंतू मिसळले आणि काच हळूहळू हलवली. थेंबात पेजेतल्यासारख्या बारीक कण्या धरल्या.

“पुसट आहेत, म्हणजे जुनं काहीतरी असावं. आजींना पूर्वी कधी टायफॉइड झाला होता का हो?” ताईंनी आईकडे बघत मला विचारलं.

झाला होता. मी सात वर्षांची, तापाने फणफणलेली. माझी उष्टी पेज आईला टाकवायची नाही, तीच खायची. मी बरी होऊन उठले आणि ती आडवी झाली. तेव्हाच तिच्या रक्ताने ते जंतू ओळखून ठेवले असणार.

बाकावरून आईने माझ्याकडे बघत विचारलं, “बाई, तुम्ही कुणाच्या?”

मी तिचा हात धरला. काचेवरच्या कण्या अजून माझी ओळख सांगत होत्या.