विहिरीचा उघडा कोपरा

वसईजवळच्या भुईगावात आमच्या कुंपणापलीकडे एलिसा राहते. आफ्रिकेत, दार-ए-सलामच्या इस्पितळात नर्स म्हणून तिची हयात गेली. परतताना तिने सोनं नाही आणलं; तिथल्या सापसुरळीच्या गोष्टी आणल्या.

तिथे एक तिच्या खिडकीशी राहायची. लहानशी, तपकिरी, पाठीवर दोन फिकट पट्टे. सकाळी भिंतीवर ऊन खायची, मग माश्या आणि कोळी टिपत फिरायची. मांजराने शेपूट तोडलं तर नवं उगवलं. आणि ती अंडी घालायची नाही, थेट पिल्लंच द्यायची! हे सांगताना एलिसाचा चेहरा नुकतंच बाळंतपण करून आल्यासारखा उजळतो.

यंदा मे महिन्यात तिच्या भाचीचं, शॅननचं लग्न होतं. आदल्या दिवशी बायका वाजतगाजत वाडीतल्या विहिरीवर पाणी आणायला जाणार, म्हणून एलिसाचा भाऊ गॉडफ्रे याने जुन्या दगडी कठड्याला सिमेंट करायचं काढलं. कठड्याच्या फटीत पोट फुगलेली एक सापसुरळी होती.

"तिला पिल्लं होईपर्यंत थांब," एलिसा म्हणाली.

"पोरीचं लग्न तोंडावर, आणि तुला सापाच्या मावशीचं बाळंतपण?"

कुरकुरत का होईना, तो थांबला. सापसुरळीचं पोट उतरलं, पण पिल्लू एकही दिसेना. एलिसा फटीपाशी बसून बसून थकली.

"मांजराने खाल्ली असणार. कर बाबा तुझं सिमेंट," म्हणाली आणि घरात गेली.

गवंडी शेवटच्या कोपऱ्याशी आला. दगड सरकवला तर खालच्या मातीत पांढरी अंडी! त्याच्या हाकेसरशी एलिसा अनवाणी धावली. बघतच राहिली, मग कपाळावर हात मारून खदखदा हसली.

"अगं बाई, ही आपली वसईची! हिला कुठली आफ्रिकेची रीत? मीच गाढव!"

पंचाहत्तरीत स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिने दगड हलकेच जागेवर ठेवायला लावला. "अंड्यांना हात लावायचा नाही. हा कोपरा राहू दे असाच."

"आणि पाहुण्यांना काय सांगू?" गॉडफ्रे म्हणाला.

"सांग, आत बाळंतीण आहे."

बायका गात आल्या तेव्हा एलिसा नव्या लुगड्यात त्या कोपऱ्याला पाठ लावून उभी होती. कोणालाही तिथे कळशी टेकवू दिली नाही.

जून लागला आणि कुंपणावरून मला तिची हाक आली.

"रोझमेरी, धाव गं! पिल्लं निघाली. गॉडफ्रे कधीचा उकिडवा बसलाय, मला बघूच देत नाही!"