मायचं रडणं

मायला मी टाकून दिलं, ही बातमी मला शाळेत कळली.

मी जिंतूरला एका शाळेत मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत डबा घेऊन शिक्षकखोलीत गेले, तर दोघीतिघी एका मोबाइलवर वाकलेल्या. मला बघताच त्यांनी आवाज बंद केला. त्यातली एक माझी जुनी मैत्रीण. ती जरा वेळ डब्यातली भाजी चिवडत बसली. मग म्हणाली, तुला कुणी दाखवलं नसेल तर मीच दाखवते, आणि मोबाइल माझ्यापुढं सरकवला.

पडद्यावर माझी माय होती. अंगणातल्या चुलीपुढं बसून डोळ्याला पदर लावून हुंदके देत होती. मागं काहीतरी रडकं संगीत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'पोटच्या लेकीनं टाकलं, तरी माय तिच्यासाठी राबते.' खाली लोकांच्या शिव्यांची रांग. अशा लेकी जन्मालाच येऊ नयेत, म्हणून एका बाईनं लिहिलं होतं. त्या बाईच्या नावापुढं फुलाचं चित्र होतं.

आमच्या मायला लेक एकच. मी.

हे सगळं सुरू झालं ते चांगल्यासाठीच, असं मी तेव्हा समजत होते. वडील गेल्यावर माय झरीला, आमच्या गावी, माझ्या धाकट्या भावाकडे राहू लागली. भावाचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, ते धड चालत नव्हतं. एकदा भावजयीनं मायला येसर करताना मोबाइलवर टिपलं आणि ते नेटवर टाकलं. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजून दळलेलं पीठ, मसाल्याचं, ज्याची आमटी होते. मायचं भाजणं, चाखणं, मधेच 'थांब गं, जळंल ते' म्हणणं लोकांना आवडलं. मग धपाटे झाले, वरणफळं झाली. बघणारे वाढत गेले. भावानं दुकानाला कुलूप घातलं आणि दिवसभर हेच करू लागला. घरावर स्लॅब पडला. नांदेडहून, औरंगाबादहून माणसं मायसोबत फोटो काढायला येऊ लागली. मीही शाळेत कौतुकानं सांगत होते, ती माझी आई म्हणून.

माय खूश होती. सगळा जन्म तिनं स्वयंपाक केला, पण 'कसं केलं' म्हणून तिला कुणी विचारलं नव्हतं. वडील ताटावरून उठताना 'बरं झालतं' एवढंच म्हणायचे. आता ती मला फोनवर सांगायची, पुण्याच्या एका बाईनं माझं बघून आमटी केली.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. घरात गॅस असताना अंगणात मुद्दाम चूल घालून घेतली. मायला दम्याचा त्रास, डॉक्टरांनी धुरापासून लांब राहा म्हणून बजावलेलं. पण गॅसवरचं लोक बघत न्हाईत, असं भाऊ म्हणाला. माय कित्येक वर्षांपासून गोल पातळ नेसते. तिला लुगडं नेसवलं. माय सातवी शिकलेली, रोज चष्मा लावून पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. कॅमेऱ्यापुढं चष्मा काढायला लावला. एकदा मागच्या खाटेवर पेपर दिसला, तर भावानं तेवढा भाग कापून टाकला. अडाणी माय जास्त चालते, हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. मी विचारलं तर हसला आणि म्हणाला, ताई, तुला यातलं कळत न्हाई. मी गप्प बसले, कारण माय गप्प होती.

आणि आता हे. तो रडण्याचा व्हिडिओ मी शिक्षकखोलीत दुसऱ्यांदा लावला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो दिवस मला ठाऊक होता. पितरपाठातला तो वडिलांच्या जेवणाचा दिवस. मी शाळेतून रजा टाकून झरीला गेले होते. माय बाहेर चुलीवर खीर ढवळत होती, मी आत गॅसवर वडे तळत होते. भावजयीनं तिला विचारलं, मामांना खीर आवडायची का, आणि मायला भरून आलं. ती वडिलांसाठी रडत होती. व्हिडिओत एका क्षणी कडेनं एक हात येतो आणि तिच्यापुढं वेलदोड्याची वाटी ठेवतो. हिरव्या बांगड्यांचा तो हात माझा आहे.

त्या आठवड्यात मी बाजारात जायचं टाळलं, तरी एक पालक बाई मला शाळेच्या फाटकात भेटलीच. तिनं आवाज खाली घेऊन, अगदी मायेनं सांगितलं की मॅडम, आईबाप पुन्हा मिळत नसतात. मी मान हलवून वर्गावर गेले. नवरा म्हणाला, सोडून दे, चार दिवसांत लोक विसरतील. मी रविवारी सकाळची एसटी धरली आणि झरीला उतरले.

भाऊ अंगणात कॅमेऱ्याचं स्टँड लावत होता. मला बघून तो दचकला नाही, लाजला नाही. बस म्हणाला, चहा ठेवायला सांगितला. मी उभ्या उभ्याच विचारलं, हे तू काय लावलंस?

"तुजं नाव कुठं घेतलंय, ताई? लेक मनलंय निस्तं."

"मायला दुसरी लेक हाय का?"

तो स्टँडचा स्क्रू फिरवत राहिला. मग समजावायला लागला, जणू मी त्याची गिऱ्हाईक. बघणारे कमी व्हायलेत. रोज नवीन कुणीतरी आजी चुलीपुढं बसायली. लोक हसणारं माणूस बघून पुढं सरकवतेत, रडणारं शेवटपर्यंत बघतेत. तुला महिन्याला पगार हाय, ताई, आमचं हेच शेत अन् हेच दुकान. भावजय दारात उभी होती. ती हळूच म्हणाली की ते लिहू नका असं मी सांगितलं होतं. भावानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ती चहाच्या निमित्तानं आत गेली.

माय आतून आली. लुगडं नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेलं. वडील गेल्यापासून ती बारीक काळी टिकली लावायची. मी विचारलं, हा व्हिडिओ तू बघितलास? ती म्हणाली, बघितला की, बारक्यानं दाखवला, माझं रडणं बघून मलाच कसंतरी झालं. वरचं वाचलंस का, विचारलं. चष्मा नव्हता म्हणाली, आन् आवाज बी बंद होता.

मी तिचा चष्मा खिडकीतून आणून दिला. तिनं तो लावला, मोबाइल हातात घेतला, सावकाश वाचलं. पुन्हा लाव म्हणाली. दुसऱ्यांदा बघताना वाटी ठेवणाऱ्या हातावर तिनं बोट ठेवलं. मग खालचं लोकांचं लिहिणं वाचायला लागली. मी थांब म्हणाले, तरी वाचत राहिली.

"मी तुह्या बापासाठी रडले व्हते," ती भावाला म्हणाली. "ते रडणंबी इकलंस?"

भावानं मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी याला कळेल. त्यानं मान वर केली आणि तो माझ्याकडं वळून बोलला. ते शब्द मी विसरूच शकत नाही.

"ताई, आलीच हायेस तर एक करू. तू फाटकातून आत यायचं, मायच्या पाया पडायचं, चुकले मनायचं. माय तुला उठवून जवळ घेईल. हे तर त्याच्याहून जास्त चालंल. तुजंबी नाव साफ हुईल."

मी त्याच्या थोबाडीत मारली असती. हात उचललाही होता. मायनं मधे येऊन तो धरला. तिच्या हाताला राखेचा वास येत होता. ती भावाला म्हणाली की ते आधी काढ, तवर मी चुलीपुढं बसत न्हाई. आणि ती आत जाऊन पातळ नेसून आली.

मी तिला माझ्याबरोबर जिंतूरला चल म्हणाले. ती नाही म्हणाली. मला इथंच राहायचंय बाई, तू तुह्या घरी सुखी हायेस, असं म्हणत तिनं मला एसटीपर्यंत सोडलं. त्याचाही मला राग आला. तिचा आला, माझा आला, त्या सबंध अंगणाचा आला.

भावानं व्हिडिओ काढला, पण काढून काय उपयोग? तोवर तो ढीगभर लोकांनी उचलून आपापल्या पानावर टाकला होता. आजही कुणाच्या तरी मोबाइलवर माझी माय माझ्यामुळं रडते आहे.

माय महिनाभर चुलीपुढं बसली नाही. मग तिनं अट घातली, चष्मा लावून, पातळ नेसून, गॅसवर करीन. भावानं तसे दोनतीन टिपले. कुणी बघितले नाहीत. मग त्यानं गावातली एक लांबची मावशी आणली, तिला तेच लुगडं नेसवलं आणि त्याच चुलीपुढं बसवलं. थोडे दिवस लोकांनी विचारलं की जुनी माय कुठं गेली. नंतर तेही बंद झालं. त्या मावशीलाही लोक मायच म्हणतात. माय मला फोनवर म्हणाली, "तिची भाकर फुगत न्हाई, तरीबी लोक वा वा मनतेत." हसून बोलली आणि लगेच फोन ठेवला.

गेल्या दिवाळीत माय माझ्याकडं होती. भाऊबीजेला भाऊ आला, नवी गाडी घेऊन. मी रागात होते, तरी पाट मांडला होता, निरांजन लावलं होतं. तो उंबऱ्यातून आत आला तो मोबाइल समोर धरूनच. ठेव ते बाहेर, मी म्हणाले.

"फक्त ववाळतानाचं, ताई. लोक इचारतेत, बहीण कुठं हाय मनून."

मी ताट देवापुढं नेऊन ठेवलं. जेवून जा म्हणाले, ओवाळणार नाही. तो जेवला नाही. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. माय भिंतीला टेकून बसली होती. जरा वेळानं म्हणाली, सणाचं ववाळायचं व्हतं बाई, भाऊ हाय तो तुहा.

मी उठले. पाट उचलून जागेवर ठेवला आणि तिचं ताट वाढायला घेतलं. ओवाळलं नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही.